डावीकडचे दोन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होते. सकाळची वेळ होती. शेजारच्या घरातून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येत होता आणि पलीकडून वहिनी सांगत होती, "वन्सं, हे गेले... आत्ताच, चहा पिता पिता." मी "येते" म्हणाले, फोन ठेवला, आणि उरलेले तीन पेपर तपासूनच घराबाहेर पडले. यात मला काही धाडस केल्यासारखे वाटत नाही. ज्याच्याविषयी हा लेख आहे तो माझा सख्खा थोरला भाऊ होता आणि गेली आठ वर्षे मी त्याचा मनापासून तिरस्कार करीत आले, एवढे वाचकाला आरंभीच कळावे, इतकाच त्या तीन पेपरांचा उपयोग. पुढे जे येईल ते वाचताना कुणाची फसगत व्हायला नको.

बारा दिवसांनी काचीगुड्याच्या एका सभागृहात शोकसभा झाली. आपल्या लोकांच्या शोकसभा मला पाठ आहेत. उदबत्तीचा धूर आणि माइकची शिट्टी यांच्यामध्ये गेलेला माणूस हळूहळू विरत जातो आणि त्याच्या जागी सद्गुणांची एक यादी येऊन बसते. दादाच्या वाट्याला कोर्टातले तीन वकील आणि एक निवृत्त अधिकारी आले होते. तो साधा होता, शिस्तीचा होता, त्याने आयुष्यात एकही वस्तू वाया घालवली नाही, असे त्यांनी सांगितले. ते खरेच आहे. वाया घालवायची तर वस्तू आधी वापरायला काढावी लागते. शेवटचे वक्ते आवाज ओला करून म्हणाले, "एका अप्रामाणिक मेकॅनिकमुळे मातोश्रींचे पाय कायमचे गेले. पण आमच्या वकीलसाहेबांनी त्या गरीब माणसावर साधी फिर्याद केली नाही. केवढे मोठे मन!" सभागृहाने मान डोलावली. मी पहिल्या रांगेत होते. मान मी डोलावली नाही. पण उठून उभीही राहिले नाही... आणि हे माझे दुसऱ्यांदा गप्प राहणे होते.

ते मोठे मन कसे घडले, हे सांगायचे तर नल्लकुंट्याच्या आमच्या घरातल्या शिसवी कपाटापासून सुरुवात करावी लागेल. आमचे वडील, अण्णा, मुन्सिफ होते. त्यांचे वडीलही सरकारी नोकरीतच. तीन पिढ्यांनी त्या घरात एकच धर्म पाळला : नवे आले की ते कपाटात जाते आणि जुने पार विरेपर्यंत वापरात राहते. आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा पीत असू आणि आतल्या अंधारात सहा अखंड कप पाहुण्यांची वाट बघत असत. पाहुणे आले की त्यांनाही तुटक्याच कपांतून चहा मिळे, कारण त्याहून मोठे पाहुणे पुढे यायचे असत. डांबरगोळ्यांच्या वासाने माखलेल्या चादरी, उघडून न पाहिलेली छत्री, आईची जांभळी नारायणपेठी... तिची घडी मोडली ती आईला शेवटची आंघोळ घातल्यावर. काठाची जर तोवर शाबूत होती. स्मशानात निघताना आमच्यातल्या कुणीसे कौतुकाने म्हणालेही, "साडी अगदी कोरी आहे हो!"

या कपाटाची किल्ली अण्णांनंतर दादाकडे आली आणि त्याने त्या धर्माला लेखी रूप दिले. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर त्याचे ते अक्षर. इथे मला थांबावे लागते, कारण त्या अक्षराचा तिरस्कार मला कधीच जमला नाही. मी सोळा वर्षांची असताना माझ्या पहिल्या सात कविता त्याने निळ्या शाईने सुवाच्य उतरवून काढल्या होत्या. माझे अक्षर कुण्या संपादकाला वाचता आले नसते म्हणून. उकार असे वळवायचा की ओळ संपल्यावरही डोळ्यांत रेंगाळावी. "कुमे, कविता तुझी, पण अक्षर माझं. छापून आली तर अर्धं श्रेय दे हं," म्हणाला होता. कविता छापून आल्या. त्याला श्रेय द्यायचे राहिले, ते आज देते आहे.

अण्णांची मोतिया रंगाची गाडीही वारशाने त्याच्याकडेच आली. नव्या आर्थिक धोरणाची ती पहिली तीन-चार वर्षे. ज्यांनी आयुष्यभर फोनच्या जोडणीची वाट पाहिली होती, त्यांच्या फाटकांत अचानक लहान, गोलसर, बिनआवाजी गाड्या उभ्या राहू लागल्या. त्या बाळगणारेही आमच्याच जातकुळीचे. सीटवरचे प्लास्टिक काढायचे नाही, उन्हात त्या प्लास्टिकला पाठ चिकटली तरी चालेल. दादा त्यांना हसत असे. आणि त्याच सुमाराला सुट्या भागांच्या दुकानांतून जुन्या गाड्यांचा माल नाहीसा व्हायला लागला, तसे त्याचे हसू कमी होऊन साठवण वाढली. सगळा देश दुकानांत नवे काय आले ते बघत होता. माझा भाऊ तिथून काय जाणार आहे तेवढेच बघत होता.

गाडीचे स्टेअरिंग तेव्हा इतके सैल झाले होते की चाक तीन बोटे फिरवले तरी रस्त्यावर काही घडत नसे. दादा त्याची सतत समजूत घालत चालवायचा... किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, जसे रडक्या मुलाला मांडीवर हलवावे. याचा त्याला अभिमान होता. "ही गाडी फक्त मला कळते," असे तो म्हणायचा. स्वतःच्या निष्काळजीपणाला जिव्हाळा म्हणणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत. दादाइतक्या शुद्ध उच्चारात म्हणणारे दुसरे कुणी पाहिले नाही.

शेवटी आईनेच हट्ट धरला. "माझ्या पोटात ढवळतं रे तुझ्या गाडीत. नीट तरी कर, नाहीतर मी आपली रिक्षाने जाईन." मुन्सिफांची बायको रिक्षाने गेलेली लोक बघतील, या भीतीने दादा हलला. एका रविवारी आम्ही दोघे मलकपेठला युसूफभाईंकडे गेलो. रेसकोर्सच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे त्यांचे गॅरेज होते. एक पत्र्याचे छप्पर, एक कडुलिंब, आणि तेल पिऊन पिऊन काळी, मऊ झालेली जमीन. आपल्या काचीगुडा-नल्लकुंट्याच्या निम्म्या मराठी घरांच्या गाड्या तेव्हा त्या कडुलिंबाखाली दुरुस्त होत. माणूस उंच, मितभाषी. हातांच्या रेषांत ग्रीस असे मुरलेले की ते हात जन्मतःच शाईने रेखाटले असावेत.

त्यांनी मला स्टेअरिंगवर बसवले. "टीचरम्मा, चाक थोड़ा हिलाओ... बस, इत्ताइच," म्हणत ते खाली शिरले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून, हकीम नाडी बघतो तसे बघू लागले. स्टेअरिंगची हालचाल ज्या दांड्यांतून दोन्ही चाकांपर्यंत जाते, त्या दांड्यांच्या टोकांना वाटीत बसवलेला एकेक गोळा असतो. बाजूच्या दांड्यांची अशी चार टोके, उजवीकडे दोन, डावीकडे दोन. मी चाक हलवले की त्या वाट्यांतून टक्... टक्... असा कोरडा, दात वाजल्यासारखा आवाज येई. युसूफभाई बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "साब, चारों गए. गोला कटोरी में नाच रा. चारों बदलना पड़ता."

दादा तयारीने आला होता. जवळच्या दुकानातले शेवटचे चार नग त्याने आदल्या दिवशीच उचलले होते; चार खोकी, आत मेणकागदात गुंडाळलेले, ग्रीसचा गोडसर, जड वास येणारे नवेकोरे टाय रॉड एंड, म्हणजे तीच गोळा-वाटीची टोके. ती चार खोकी डॅशबोर्डवर मांडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांतली दोन उचलून दादाने युसूफभाईंपुढे धरली. "अभी राइट साइड का दो डालो. लेफ्ट का आगे देखेंगे."

"नक्को साब. आधा काम नक्को. लेफ्ट का कब निकलता, बोल नहीं सकते."

"ये पार्ट आगे मिलने वाले नहीं हैं, युसूफमियाँ. तुमको क्या समझता?"

युसूफभाईंनी एकवार माझ्याकडे पाहिले. दादाने मला सावलीत जाऊन बसायला सांगितले आणि मी गेले. कडुलिंबाखालच्या बाकावर बसून मी ऐकत राहिले. ताठर नट सुटतानाची किंकाळी, मग घट्ट बसलेला सांधा सोडवायला एक हातोडा मागे धरून दुसऱ्याने मारलेला नेमका ठोका, जुना तुकडा आट्यांवरून उतरवताना त्यांनी पुटपुटत मोजलेले फेर... नवा तितक्याच फेरांनी चढवायचा असतो, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. त्या मोजण्यात एक छंद होता. मी कवितेची विद्यार्थिनी. असली मोजदाद मला दुरून कळते. एका बाजूचेच काम झाले, हे मला न बघता कळले होते.

दादाची एक पद्धत होती. मेकॅनिकवर त्याचा विश्वास नसे, म्हणून बदललेला प्रत्येक जुना भाग तो परत मागून घेई. काम खरेच झाले याचा तो पुरावा. युसूफभाईंनी न मागताच दोन जुने तुकडे उर्दू वर्तमानपत्रात बांधून दिले. घरी येताना दादाची काळी, कोर्टात न्यायची बॅग माझ्या मांडीवर होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्यात लोखंडावर लोखंड वाजत होते. जुन्या तुकड्यांचे पुडके माझ्या पायाशी होते. बॅगेत काय वाजते आहे, ते मी विचारले नाही.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, आम्ही आईला घेऊन मलकपेठला मुंजीला निघालो. आई पुढे, दादाच्या डाव्या हाताला. रेसकोर्सच्या भिंतीजवळ वळताना डावीकडून एक आवाज आला. मोठा नव्हे, सुपारी फुटावी एवढाच. डावे चाक बाहेरच्या बाजूला वळले आणि गाडी, वेग फारसा नसतानाही, सरळ भिंतीत शिरली. काचेचा चुरा मोगऱ्याच्या कळ्यांसारखा आईच्या मांडीत सांडला. आई ओरडली नाही. "अगंबाई," म्हणाली, जसे दूध उतू गेल्यावर म्हणावे. तिचे खुब्याचे हाड मोडले होते, हे संध्याकाळी कळले. ती पुन्हा कधीच आपल्या पायांनी चालणार नव्हती, हे कळायला आणखी काही महिने लागले.

गर्दी जमली. दोन गल्ल्या पलीकडून युसूफभाई धावत आले, नमाजासाठी घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात, आणि तसेच रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या छातीवर काळा ओघळ होता आणि हातात वाटीतून निखळलेला जुना गोळा. त्यांनी काही बोलण्याआधी दादा बोलला. मोठ्याने, कोर्टातल्या आवाजात. "चार नए दिया था मैं इसको! दो डाला, दो खा गया! मेरी माँ को मार डालता था!"

युसूफभाईंनी दादाकडे बघितलेच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितले. "टीचरम्मा..." एवढेच म्हणाले.

आणि मी आईकडे बघितले. आईकडे बघणे हे त्या क्षणी इतके योग्य, इतके निर्दोष होते की कुणालाही त्यात काही वावगे दिसले नसते. भित्रेपणा असाच वागतो. तो नेहमी एखाद्या खऱ्या कर्तव्यामागे जाऊन उभा राहतो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे दादाने सांगितले तेवढे. मुंजीच्या त्याच मांडवातून ती गोष्ट घरोघरी गेली आणि महिन्याभरात आपल्या लोकांच्या गाड्या कडुलिंबाखालून उठल्या. गोष्ट ऐकणाऱ्या या लोकांत वकील होते, न्यायखात्यातले होते, साक्षीदारांना उलटसुलट विचारण्यात हयात गेलेले होते. जो माणूस प्रत्येक जुना तुकडा मोजून परत घेतो, त्याला दोनच तुकडे परत मिळाले तेव्हा तो गप्प का बसला, हा एक साधा प्रश्न त्यांतल्या एकालाही सुचला नाही. सुचला असेल तर शिष्टाचाराने गिळला. फिर्याद करण्याचे दादाने टाळले, कारण फिर्यादीत हा प्रश्न समोरचा वकील पहिल्यांदा विचारील हे त्याला नक्की ठाऊक होते. त्याला आपण मोठे मन म्हणतो.

आई त्यानंतर पाच वर्षे खिडकीपाशी पडून होती. दादाने तिची सेवा केली, हे मी नाकारत नाही. रोज संध्याकाळी तो तिचे तळपाय तेलाने चोळी. त्या हातांकडे बघताना मात्र मला घृणा येई, कारण ते हात पाय चोळतानाही हलकेच डावीकडे-उजवीकडे होत, त्या सैल चाकावर होत तसे. खोट्याचीही माणसाला सवय होते आणि ती सवय माया करताना अंगात तशीच चालत राहते.

गेल्या महिन्यात वहिनीने कपाट रिकामे करायला मला बोलावले. वरच्या खणात उर्दू वर्तमानपत्रातले ते पुडके होते. चिठ्ठी : 'उजवीकडचे दोन. जुने.' त्यामागे, रेशमी रुमालात, दोन खोकी. मेणकागद जसाच्या तसा, ग्रीसचा वासही. त्यावर निळ्या शाईत, तो सुंदर उकार वळवून : 'डावीकडचे दोन. नवीन. पुढे लागतील.'

गाडी आठ वर्षांपूर्वीच भंगारात गेली होती.

वहिनीने चिठ्ठी वाचली आणि कपाटाचे दार धरून उभी राहिली. मग म्हणाली, "वन्सं, टाकून देऊ या का हे?"

"तुला ठाऊक होतं?"

"रुमाल माझा आहे," ती म्हणाली. मग, "आता उकरून कुणाचं भलं होणार? गेलेल्या माणसाचं नाव..."

गेलेल्या माणसाचे नाव आपण फार जपतो. जिवंत माणसाचे नाव घेताना मात्र आपल्या तोंडाला एवढे भान राहत नाही. मी दोन्ही खोकी पर्समध्ये घातली आणि मलकपेठची बस धरली.

कडुलिंब आहे. छपराच्या जागी काचेचे दुकान आहे. त्यात युसूफभाईंचे जावई नव्या गाड्यांची सीटकव्हरे आणि सुगंधी डब्या विकतात. म्हातारबुवा बाहेर स्टुलावर बसले होते. त्यांनी मला ओळखले. मी खोकी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मेणकागद उलगडला, अंगठ्याने गोळ्याचा दांडा रेटून पाहिला. तो हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर निखळ कारागिराचा आनंद उमटला.

"सख्त है. एकदम नया. ऐसा माल अब किधर मिलता?"

"आपको मालूम था?" मी विचारले.

"हौ. साब बॅग में डाले, मैं देखा ना."

"फिर उस दिन बोले क्यों नहीं?"

"आप भी तो थे, टीचरम्मा." आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपे गेले असते. "मैं आपकी तरफ देखा. आप अम्मा की तरफ देखे. अम्मा का पाँव टूटा पड़ा था, उस वक़्त मैं क्या हुज्जत करता?"

मी माफी मागू लागले. त्यांनी कानावर बसलेली माशी उडवावी तसा हात हलवला. "मेरे कू नक्को बोलो. मेरे कू तो मालूमइच है. जिनो गाड़ियाँ लाना बंद करे, उनो लोगां कू बोलो."

"पेपर में लिखूँगी. मराठी में."

"मराठी में?" ते हसले, समोरचे दोन दात नव्हते. "अच्छा है. वो लोगां वोइच पढ़ते. उनके बच्चे तो वो भी नहीं पढ़ते, जल्दी लिखो."

निघताना त्यांनी दोन्ही नग पुन्हा मेणकागदात गुंडाळले, जावयाकडून जुने वर्तमानपत्र मागून घेतले, नीट पुडके बांधले आणि माझ्या हातात ठेवले. मी म्हटले, तुमच्याकडेच राहू द्या. ते म्हणाले, "नक्को. गिराईक का माल गिराईक कू. आज तक किसी का नहीं रखा."

तेव्हा लिहिते आहे. काचीगुड्याच्या सभागृहात ज्यांनी मान डोलावली त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मुलांनी वाचलेच तर त्यांच्यासाठीही : मलकपेठच्या युसूफभाईंनी दोन नग खाल्ले नाहीत. ते आमच्या कपाटात होते, डांबरगोळ्यांच्या वासात, माझ्या भावाच्या अक्षरात. ते तिथे आहेत हे मला, माझ्या मांडीवर ते वाजले त्या दिवसापासून, ऐकून माहीत होते. या लेखाने कडुलिंबाखाली गाड्या परत येणार नाहीत. नव्या गाड्यांनी ते गॅरेज कधी ना कधी बंदच पाडले असते, असे मला दोघातिघांनी समजावले आहे. समजावणारे सुखात राहोत.

पुडके माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. सकाळी बसले की मी त्यातला एक काढते आणि अंगठ्याने तो दांडा रेटून बघते. आठ वर्षांनंतरही तो तसूभर हलत नाही, बोटाला फक्त ग्रीस लागते आणि तो वास दिवसभर कागदांना येत राहतो. चिठ्ठी मी शेजारीच ठेवली आहे. इतके देखणे अक्षर आमच्या घरात पुन्हा कुणाचे होणार नाही. 'पुढे लागतील.'

लागले, दादा.